जर्मनीतलं गाड्यांचं म्युझियम आणि खोपीतली फियाट

रिव्हेट_मास्तर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो, लिहायची पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एसटीत तेहतीस वर्षं काढली, सगळी बॉडी सेक्शनला. पत्रा ठोकायचा, रिव्हेट मारायचे, आंब्याच्या फांदीने फाडलेलं टप शिवायचं. आता गुहागर तालुक्यात घरी आहे. लेक-जावई जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं महिनाभर तिकडे होतो. जावयाने विचारलं, "बाबा, काय बघायचं?" हिने चर्च म्हटलं, मी गाड्या म्हटलं. चर्च पाऊण तासात आटोपलं.

मर्सिडीज-बेंझचं म्युझियम २००६ साली उघडलं. आधी लिफ्टने थेट सगळ्यात वर नेतात आणि मग उतारावरून गोल गोल फिरत खाली यायचं. परशुराम घाट उतरल्यासारखं, फक्त खड्डे नाहीत. लिफ्टचं दार उघडलं तर समोर गाडी नाहीच, घोडा! मग पलीकडे १८८६ ची तीन चाकांची पहिली गाडी. एक सिलिंडर, पाऊण हॉर्सपॉवर, ताशी १६ किलोमीटर. आमच्या गावची बैलगाडी उतारावर तेवढी जाते.

दीडशेच्या वर गाड्या आहेत, सगळ्यांचं सांगत बसत नाही. एकीपुरतं सांगतो. १९३६ च्या सुमाराची ५४० के. पुढचं मडगार्ड चाकावरून उठतं आणि दाराखालून मागे वाहत जातं, ओहोटीला वाळूवर पाण्याची रेघ उमटते तसं. आता आमच्या धंद्यातली एक खूण सांगतो. पत्र्याचं काम तपासायचं तर पत्र्याकडे बघायचं नाही, पत्र्यात दिसणाऱ्या ट्यूबलाइटकडे बघायचं. ट्यूब वाकडी दिसली की समजायचं, इथे ठोका बसलाय आणि वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. मी त्या मडगार्डात छतावरचा दिवा शोधला आणि डोकं हळूहळू सरकवत पुढून मागे आलो. दिवा कुठेही थरथरला नाही. तीनदा बघितलं. तिथल्या पहारेकऱ्याला संशय आला असावा, तो माझ्यामागे येऊन उभा राहिला.

तर दोन प्रश्न. पहिला, याला कारागिरी म्हणून हात जोडायचे की श्रीमंतांचा थाट म्हणून सोडून द्यायचं? ही म्हणते, "मोठ्या माणसांची खेळणी." दुसरा प्रश्न घरचा. सासऱ्यांची १९७२ ची फियाट आमच्या खोपीत अकरा वर्षं उभी आहे. ते डॉक्टर होते, त्याच गाडीने वाड्यावाड्यांवर जायचे. भंगारवाला अठरा हजार देतो म्हणतोय. तिकडून आल्यापासून खोपीचं दार उघडवत नाही. काय करू?

सुरंगी

छान लिहिलंय, मास्तर. पहिलीच वेळ वाटत नाही.

त्या तीनचाकीची खरी गोष्ट तुम्ही सोडलीत म्हणून मी भर घालते. गाडी बांधली कार्ल बेंझने, पण ती लांब पल्ल्याला चालते हे दाखवलं त्याच्या बायकोने. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलग्यांना घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली, शंभरावर किलोमीटर. नवऱ्याला न सांगता! पेट्रोलपंप तेव्हा कुठला, वाटेत औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. तारेचं इन्सुलेशन गेलं तिथे पायमोज्याचा पट्टा बांधला. ब्रेकचं लाकूड झिजलं तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरं उतरून ढकलायची.

म्हणजे माहेरपण, औषधाचं दुकान, चांभार आणि ढकलगाडी. ही बाई कोकणातलीच.

गाबीत_गडी

मास्तरानू, बरा लिवलात. पण माका एक सांगा, थंय गाडयेक हात लावूक देतत काय? हंय लोक एसटीत चढतत ते पयलो सीटीचो फोम उपसून बघतत, मगे तिकीट काढतत.

रिव्हेट_मास्तर

@गाबीत_गडी, हात लावू देत नाहीत. फोमचं म्हणाल तर त्या फोमपायी माझी निम्मी नोकरी गेली, जखमेवर मीठ चोळू नका.

@सुरंगी, बर्थाबाईंची गोष्ट जावयाने सांगितली होती, पण पायमोज्याचा पट्टा त्याने सासऱ्यासमोर गाळलेला दिसतो.

पेणचा_पाट

पहिल्या प्रश्नाबद्दल. आमच्या घरात तीन पिढ्या गणपतीचा कारखाना. मूर्ती साच्यातून निघते, रंग आता मशीनने मारतात, पण आखणी, म्हणजे डोळे, हातानेच. ते काम घरातला एकच माणूस करतो. माझे काका आखणीला बसले की पंखा बंद, रेडिओ बंद, कोणी दारात उभं राहायचं नाही. रेघ ओढेपर्यंत श्वाससुद्धा रोखून धरतात.

रोल्स-रॉइसच्या गाड्यांच्या कडेने पुढून मागे एक बारीक रेघ असते. ती आजही हाताने मारतात, खारीच्या केसांच्या ब्रशने. हे कळलं तेव्हा मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "चुकली तर?" मी म्हटलं, पुसून परत मारत असतील. काका म्हणाले, "मग सोपं आहे."

कातळ

सगळे भारावलेत, तेव्हा वाईटपणा मी घेतो.

ज्या मर्सिडीज कंपनीचं कौतुक चाललंय तिच्या कारखान्यांत १९४४ साली जवळजवळ निम्मे कामगार सक्तीने आणलेले होते. युद्धकैदी, छळछावण्यांतली माणसं. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या गाड्या बघून आपण 'अहाहा' करतो त्या शेतसाऱ्यातून आल्या. दुष्काळातही आल्या. पत्र्यात दिवा सरळ दिसतो हे खरंच, पण तो पत्रा कोणी ठोकला त्याचं नाव कुठल्या पाटीवर आहे? पाटीवर मालकाचं नाव असतं. राजा अमुक, नट तमुक.

कारागिरीला माझा नमस्कार आहे. म्युझियमला नाही.

सुरंगी

@कातळ, मग किल्लेही बघायचे नाहीत का? सिंधुदुर्गाच्या तटातला चिरा कोणी बसवला त्याचं नाव कुठे आहे?

कातळ

बघायचे. पण बघताना हे विचारायचं. त्यात भांडण काय आहे?

रिव्हेट_मास्तर

कातळराव, तुम्ही म्हणता ते जावयाने तिथेच सांगितलं होतं. मी मात्र त्या काळाच्या दालनातून भराभर पुढे गेलो, कारण पुढे ३०० एसएल दिसत होती. खोटं कशाला सांगू?

नावाचं मात्र बरोबर बोललात. मी बराच वेळ पाट्या वाचून घेतल्या. बनवणाऱ्याचं नाव सापडलं नाही. त्यांच्याच एएमजीची, म्हणजे मर्सिडीजच्या वेगवान गाड्यांच्या शाखेची, इंजिनं एकेक माणूस पूर्ण जुळवतो आणि वर त्याच्या सहीची पट्टी लागते, असं जावई म्हणाला. पण ते इंजिनवाल्यांचं. पत्रेवाल्याची सही कधी कोणी बघितलीय? आमचं काम चांगलं झालं की दिसत नाही, तेच त्याचं माप.

आता ३०० एसएलचं सांगतोच. १९५४ ची, पंखासारखी वर उघडणारी दारं. मला वाटायचं नुसती ऐट. तिथे उघडा सांगाडा बघितला तेव्हा कळलं. बारीक नळ्या त्रिकोणात जोडून पिंजरा केलाय, वजनाला हलका आणि ताकदीला भक्कम. पण तो पिंजरा बाजूने इतका उंच येतो की नेहमीचं दार बसायला जागाच उरत नाही. मग दार छताला टांगलं. आत शिरताना मांडी अडकते म्हणून स्टिअरिंगचं चाक दुमडून खाली पाडता येतं. म्हणजे ऐट नव्हे, अडचण होती आणि त्या अडचणीतून काढलेली वाट. इथे मी मनातल्या मनात टोपी काढली.

बंदरावरचा_बाब्या

अवांतर: तिकडे मासे कसले मिळतात? महिनाभर काढलात कसे?

रिव्हेट_मास्तर

बाटलीतले. त्याबद्दल बोलायची इच्छा नाही.

करूळ_उतार

जर्मनीला जायची ऐपत नसलेल्यांसाठी. आम्ही वैभववाडीकर, घाट चढला की कोल्हापूर. तिथल्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला बाहेर निघते, शाही दसऱ्याला चौकात त्याच गाडीतून येतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलीय. ती म्युझियमच्या दोरीपलीकडे उभी नव्हती, चालत होती, तिचा आवाज येत होता. हीच मेबॅक कंपनी पूर्वी झेपेलिन विमानांना, म्हणजे त्या उडत्या फुग्यांना, इंजिनं पुरवायची.

अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा मोठा संग्रह आहे. आणि धर्मस्थळाला मंजुनाथाच्या दर्शनाला आपल्याकडचे पुष्कळ जातात, तिथेही जुन्या गाड्या ठेवल्यात. आई देवळाच्या रांगेत आणि मी गाड्यांच्या, असं आमचं झालं होतं. प्रसाद दोघांनाही मिळाला.

बंदरावरचा_बाब्या

मेबॅक की मायबाख?

करूळ_उतार

कोल्हापुरात मेबॅक. तिकडे जाऊन मायबाख म्हणून बघा, कोणी ओळखणार नाही.

गाबीत_गडी

कातळान नावाचा काढल्यान म्हणान सांगतंय. माझ्या आज्यान होडी बांधून घेतली तेव्हा मिस्त्रीन कागदार एक रेघ मारूक नाय. दोरी आणि डोळो, बस. एका बाजूची फळी वाकवली की दुसऱ्या बाजूक तशीच. सांध्यात कापूस भरलो, वरसून उंडेल मारला. दर्यात घातली, सरळ गेली. वीस वर्सां चालली. त्या मिस्त्रीचा म्युझियम खय? होडी पण नाय आता, चुलीत गेली.

मगे फायबर इला. आता होडयेचो सुतार शोधूक गेलास तर गावणा नाय.

रिव्हेट_मास्तर

@गाबीत_गडी, तुमच्या होडीवरून एक गोष्ट सुचली, ती मला तिकडे उभा असतानाच सांगायची होती, पण ऐकायला कोणी नव्हतं.

जुन्या काळी रोल्स-रॉइससारखी कंपनी अख्खी गाडी विकतच नव्हती. चासी (म्हणजे चाकांवरचा खालचा सांगाडा), इंजिन, रेडिएटर एवढंच द्यायची. गिऱ्हाईक ती चासी घेऊन बॉडी बांधणाऱ्याकडे जायचं. इंग्लंडात हूपर, बार्कर, मुलिनर अशी घराणी होती, मुळातली घोड्यांच्या बग्ग्या बांधणारी. ती आधी अॅश नावाच्या चिवट लाकडाचा सांगाडा उभा करायची, अगदी होडीसारखा, आणि मग त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून चढवायची. म्हणून एकाच सालच्या, एकाच कंपनीच्या दोन गाड्या सारख्या दिसत नाहीत.

अहो, आम्ही तरी दुसरं काय करत होतो! टाटा-लेलँडच्या नुसत्या चासी यायच्या, वर ड्रायव्हर मुंडासं बांधून उघड्यावर बसलेला, आणि दापोडीच्या वर्कशॉपमध्ये त्यावर बॉडी चढायची. फरक एवढाच की हूपरकडे महाराजा यायचा, "आतून जांभळं मखमल लावा" म्हणायचा. आमच्याकडे शेड्यूल यायचं.

आणि खाऱ्या हवेचं एक. लोकांना वाटतं अॅल्युमिनियम गंजत नाही. लाल गंज येत नाही, एवढंच. पण खाली लोखंडी अँगल, वर अॅल्युमिनियम आणि मध्ये खारट ओल, असं जमलं की बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडायला लागतं. घाटावरची गाडी आणि किनाऱ्यावर चाललेली गाडी आमच्याकडे आली की मी न विचारता सांगायचो. तिथल्या त्या गाड्या बंद हॉलमध्ये आहेत. एक पावसाळा दाभोळच्या जेटीवर ठेवा म्हणावं, मग बघू.

कातळ

हा प्रतिसाद मूळ लेखात हवा होता.

डबल_डिक्लचिंग

फियाटवाल्यांनी हाक मारल्यासारखं झालं म्हणून आलो. वडिलांची मुंबईत काळी-पिवळी होती, गाव राजापूर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा वडील दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

दर गणपतीला टॅक्सीनेच गावी यायचो. १०८९ सीसी, हाताचा गिअर, आत सात माणसं आणि टपावर पिंप. कशेडीत मधोमध गाडी बंद पडायची, न चुकता. वडील शांतपणे उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायचे. गरमीने पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंप ओढतो पण वाफच ओढतो. फडकं गार करतं. दहा मिनिटं थांबायचं, तोवर आई डबा उघडायची. आम्हा पोरांना वाटायचं गाडी जेवणासाठीच थांबते. आता कशेडीला बोगदा झाला, थांबणं नाही आणि घावनही नाही.

मास्तर, अठरा हजारांत गाडी विकू नका. अठरा हजार नुसते पत्र्याचे आणि इंजिनाचे देतोय तो. सासरेबुवा कुठे गेले त्यात?

सुरंगी

शेवटच्या ओळीला टाळ्या.

कातळ

टाळ्या वाजवा, पण खर्च मास्तरांनाच आहे. भावनेला पेट्रोल लागत नाही, गाडीला लागतं. पेन्शनीतला माणूस आहे. रंग, पत्रा, टायर, वायरिंग करता करता लाखाच्या वर जाईल आणि चालवणार कुठे? हायवेला? त्यापेक्षा एखाद्या नादिष्ट माणसाला द्या, भंगारात नको.

कागदपत्रे_आणा

खर्चाबरोबर कागदांचंही बघा. २०२१ मध्ये नियम आलाय. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. १९७२ ची म्हणजे तुमची बसते. नवीन नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांसाठी. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. मात्र रोजच्या वापराला आणि भाड्याला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरायला, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची.

करूळ_उतार

दुरुस्ती: आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. 'व्हीए' नव्याने नोंदवणाऱ्याला. सासऱ्यांचं आरसी बुक शोधा आधी.

बंदरावरचा_बाब्या

"पेट्रोल भरायला रस्त्यावर काढता येते." मग काय, रोज पाव लिटर भरा.

पेणचा_पाट

निर्णय काहीही होवो, तोवर गाडीचं एवढं बघा. प्लास्टिकचा कागद घातला असेल तर आज काढा, आत घाम धरतो आणि कापडापेक्षा जास्त सडवतो. जुनी सुती चादर बरी. गाडी ठोकळ्यांवर उचलून ठेवा. टाकीतलं अकरा वर्षांचं पेट्रोल म्हणजे आता वार्निश, ते काढल्याशिवाय चावी फिरवू नका. आणि सीटच्या आत उंदीर असणारच.

गाबीत_गडी

खालसून काजीच्या टरफलांचा त्याल मारा. होडयेक चलता ता गाडयेक पण चलता. वास येतलो, पण वाळवी खोपीत पाय ठेवची नाय.

रिव्हेट_मास्तर

मंडळी, चार दिवस उत्तर दिलं नाही, माफी. खोप उघडली.

प्लास्टिक होतंच. पेणकर म्हणाले तसा आत घाम. उंदीर नव्हते, मांजर होतं, तीन पिलांसकट. ती मागच्या सीटवर आहेत, त्यामुळे मागच्या सीटचं काम पुढे ढकललं आहे.

दारं खालून गेलीत, चारही. फ्लोअर ड्रायव्हरच्या पायाशी गेलाय, खालची जमीन दिसते. टप, बॉनेट आणि डिकी मात्र शाबूत. जुना पत्रा जाड होता, ठोकला तर आवाज अजून घंटेसारखा येतो. टॉर्च पेटवून बॉनेटमध्ये बघितलं. उजेड डाव्या बाजूला दोन ठिकाणी थरथरतो. म्हणजे कधीतरी ठोकलेली आहे आणि लांबी भरलीय, पण हात बरा होता.

मग पुढच्या दाराचं आतलं पॅड काढलं, सड किती वर गेलीय ते बघायला. आत, जिथे कोणी कधी बघणार नाही अशा जागी, पत्र्यावर पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं. तसंच उतरवून देतो:

"जुलै ८९. डॉक्टरांनी भर पावसात रंग मारायला लावला. सडेल. माझी जबाबदारी नाही."

खाली सही आहे. ओलीने पसरलीय, वाचता येत नाही. हिला दाखवलं. ती आधी हसली आणि मग बराच वेळ दाराला टेकून उभी राहिली. म्हणाली, "बाबा असेच घाई करायचे."

कातळराव, तुमचं लाखाचं गणित बरोबर आहे. ते मी हिला सांगितलं नाही. भंगारवाल्याला नको म्हटलंय. फ्लोअर आणि दारं मी स्वतः करणार, हात अजून चालतात. इंजिनाला माणूस बघतोय, गुहागर-चिपळूण भागात फियाटचं इंजिन जाणणारं कोणी माहीत असेल तर कळवा.

कातळ

मास्तर, त्या दाराचा खालचा पत्रा बदलाल तेव्हा पेन्सिलीचा तुकडा कापू नका.

रिव्हेट_मास्तर

सड त्याच्या चार बोटं खाली थांबलीय. त्याच्या खालूनच कापतोय.

डबल_डिक्लचिंग

वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, कार्बोरेटर उघडून पेट्रोलात भिजत ठेवायला सांग, मी गणपतीला येतो तेव्हा बघतो. आणि फडकं मीच घेऊन येईन म्हणाले.

बंदरावरचा_बाब्या

पिलांचे फोटो टाका.